कार्डात किती मावतं?

"कुणाला काही जपता येत नाही इथं! सगळं डोळ्यांदेखत वाहून चाललंय आणि एकालाही त्याची लाज वाटत नाही!"

श्रेयांस हे कुणाला म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मंदिराच्या ओवरीत तेव्हा दोनच माणसं होती. एक तो, दुसऱ्या जैन साध्वी निर्वेदमती माताजी. समोरच्या जुन्या दगडी खांबांना कुणीतरी चकचकीत पिवळा ऑइल पेंट फासला होता. तो बघून त्याचा तोल गेला होता.

माताजींनी पोथीतून मान वर केली. पांढरी साडी, मांडीशी मोरपिसांची पिंछी, सत्तरी ओलांडलेला शांत चेहरा. ओठ मात्र कोरडे पडले होते.

पडणारच. दोन दिवस पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

कृष्णाकाठच्या त्या गावात माताजी चातुर्मासाला थांबल्या होत्या. त्यांचा नेम कडक. अन्न आणि पाणी दिवसातून एकदाच, तेही स्वतःच्या ओंजळीत. सकाळी आहाराला निघताना मनाशी एक खूण ठरवायची. कुणाच्या हातात डाळिंब दिसलं तर... कुणाच्या दारात गाय-वासरू दिसलं तर... खूण कुणाला सांगायची नाही. दिसली त्या दारी थांबायचं. नाही दिसली तर तसंच माघारी फिरायचं. गावात याला विधी म्हणतात.

काल विधी मिळाला नव्हता. आजही नाही.

"हे सगळं मी टिपणार आहे," श्रेयांस म्हणाला. पुण्यात शिकलेला, हातात चांगला कॅमेरा, आणि सगळं जग आपल्यावाचून हरवून जाईल ही खात्री. "विधी मिळतो तो नेमका क्षण. आजवर कुणी नीट टिपला नाही माताजी. मी टिपणार."

"यात किती फोटो मावतात रे?"

"ते कार्डावर असतं. हे चौसष्ट जीबीचं आहे. मोठे काढले तर दोन हजारांच्या आसपास. लहान केले तर दहा हजारांच्या वर जातील."

"मग?"

"मग भरतं. भरलं की दुसरं घालायचं."

"ते भरलं की?"

"तिसरं." तो हसला. "याला जागा लागत नाही माताजी, वजनही नाही. अपरिग्रहात अडचण यायची नाही."

माताजीही हसल्या. मग म्हणाल्या, "आज सकाळचे आहेत यात?"

"चारशे तरी असतील."

"तुझी आत्या काय करत होती सकाळी?"

श्रेयांसनं कॅमेऱ्याच्या पडद्याकडे नजर टाकली.

"दारात उभी होती. सगळे उभे असतात तशी. बघून सांगतो."

"बघून सांग," माताजी म्हणाल्या आणि पुन्हा पोथीत गेल्या.

त्याला ते लागलं. "मग तुम्हीच सांगा, किती मावायला हवेत?"

पोथीचं पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजमती आत्यानं त्याला न्हाऊन धुतलेलं धोतर नेसायला लावलं. दारात उभं राहायचं तर शिवलेला कपडा अंगावर नको, चामडं तर नकोच. कॅमेऱ्याचा चामडी पट्टा तिनं पहिल्याच दिवशी काढून टाकला होता आणि सुती नाडी बांधून दिली होती.

"आज तरी कलशाला हात लाव," आत्या म्हणाली. "दोघं मिळून धरू. माझे हात आता थरथरायला लागलेत."

"आत्या, मी कलश धरला तर फोटो कोण काढणार?"

"व्हय, तेही खरंच," ती म्हणाली आणि एकटीच कलश घेऊन उंबऱ्याबाहेर गेली.

गल्लीत दोन्ही बाजूंना दारोदारी माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात कलश, कलशावर नारळ. कुणी शेजारी मोसंबी-केळी मांडली होती, कुणी डाळिंब, कुणी ऊस. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या पायगोंडा काकांनी तर गोठ्यातलं वासरू आणून दाराशी बांधलं होतं. सगळ्यांची एकच चिंता होती. आज तिसरा दिवस. आश्विनातलं ऊन. वय सत्तरच्या पुढं. आजही विधी मिळाला नाही तर...

वाक्य कुणी पुरं करत नव्हतं.

माताजी आल्या. डाव्या हातात पिंछी आणि कमंडलू, उजवा हात खांद्याला टेकलेला. चाल कालच्यापेक्षा मंद होती.

"वंदामि माताजी, वंदामि! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" इथं थांबा, अशा विनवणीनं गल्ली घुमली.

श्रेयांसच्या कॅमेऱ्याची टकटक सुरू झाली. माताजी डाळिंबावरून पुढं गेल्या. टकटक. उसावरून पुढं गेल्या. टकटक. वासराकडे त्यांनी बघितलं, काका पाऊलभर पुढं झाले, आणि त्या पुढं गेल्या.

टकटक थांबली.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. कार्ड भरलं होतं.

त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा नव्हता. धोतर होतं. दुसरं कार्ड माडीवर, खुंटीला अडकवलेल्या जीन्समध्ये.

माताजी आता चार घरांवर आल्या होत्या. माडीवर जाऊन यायला वेळ नव्हता. पुसायला हवं! थोडे पुसले की तेवढी जागा होईल. त्यानं घाईनं जुने फोटो पडद्यावर आणले आणि अंगठा पुसायच्या बटणावर ठेवला.

पहिला फोटो. माताजी मध्यभागी, कडेला धूसर आत्या, कलश तिरका.

पुसला.

दुसरा फोटो. कडेला आत्या, कलशातून पाण्याची धार तिच्या मनगटावर.

तिसऱ्यावर अंगठा थांबला.

हा कालचा होता. आत्याचे ओठ त्यात स्पष्ट दिसत होते. कोरडे. अगदी माताजींच्या ओठांसारखे... माताजी जेवल्याशिवाय घरात आत्याही तोंडात काही घालत नव्हती. त्याला मात्र दोन दिवस वेळेवर ताट वाढत होती. त्याच्या लक्षात आलं नव्हतं. फोटोत मात्र आलं होतं.

त्यानं मान वर केली.

आत्याच्या हातातला कलश कलंडत होता. नारळ एका बाजूला सरकला होता. ती दातावर दात दाबून उभी होती आणि तिचं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं.

श्रेयांसनं कॅमेरा कट्ट्यावर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ टाकलाच. दोन ढांगांत तो आत्यापाशी गेला आणि तिच्या हातांखाली आपले हात धरले.

"अरे, तुझा फोटो..."

"राहू दे गं. नारळ सरळ कर."

कलश स्थिर झाला.

माताजी दारासमोर आल्या. त्यांची नजर आत्याच्या चेहऱ्यावर गेली नाही, फळांवर गेली नाही. ती खाली आली, कलशावर. एका कलशाला चार हात. सगळ्या गल्लीत असा तो एकच होता.

त्या थांबल्या.

मग पायगोंडा काका लहान पोरासारखे ओरडले, "मिळाला! विधी मिळाला!"

पुढचं श्रेयांसनं आत्याच्या मागोमाग, तिच्या खुणेबरहुकूम केलं. कलश घेऊन तीन प्रदक्षिणा. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध. आत पाटावर माताजी बसल्या आणि त्यांनी ओंजळ पुढं केली.

"पहिलं पाणी तू घाल," आत्या कुजबुजली.

त्यानं घातलं. ओंजळ भरली. माताजींनी ती ओठांना लावली. ओंजळ रिकामी झाली आणि पुन्हा पुढं आली. त्यानं पुन्हा घातलं. कोपरावरून ओघळणारा एक थेंब, बोटांच्या सुरकुत्या, गिळताना हललेला गळा... त्याला सगळं दिसत होतं. अगदी सगळं.

आहार झाला, हात धुऊन झाले. आहाराला निघाल्यापासूनचं माताजींचं मौन सुटलं तशी खिडकीबाहेर उभी असलेली गल्ली बोलायला लागली.

"फोटो काढलास का रे?" पायगोंडा काकांनी गजांमधून विचारलं.

"नाही काका. कार्ड भरलं. दुसरं जीन्सच्या खिशात राहिलं."

"घ्या! एवढा कॅमेरा घेऊन आला आणि ऐन वेळी..."

काकांनी कपाळावर हात मारला. श्रेयांसला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. त्याऐवजी आतून काहीतरी हलकं होत चाललं होतं आणि त्याचंच त्याला नवल वाटत होतं.

"माताजी," तो म्हणाला, "काल मी विचारलं होतं. किती मावायला हवेत?"

माताजींनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि त्याच्यापुढं धरली. ओली होती अजून.

"यात किती पाणी मावलं?"

"मोजलं नाही."

"भरली होती?"

"भरत होती..." तो अडखळला. "आणि रिकामी होत होती."

माताजींनी ओंजळ सोडली. मग पिंछी उचलून उठल्या. उंबऱ्याशी थांबून वळल्या.

"उद्या कॅमेरा आण. कार्ड रिकामं करून आण."

श्रेयांसनं मान डोलावली.

त्याच्यामागं आत्या तीन दिवसांनी पहिल्यांदा पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होती. घटाघटा प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"आण की. पण धोतराला खिसा मी काही शिवून देणार नाही."