चंद्रीची बैठक

गवळीमाळाच्या क्रीडासंकुलात डाव्या हाताला फुटबॉलचं स्टेडियम आहे, उजव्या हाताला बेसबॉलचं. मधली भिंत सरळ येते, मध्यावर एकदम पोट काढते आणि पुन्हा सरळ होते. गवंड्याची दोरी चुकली म्हणून पाहुणे हसतात. मग संकुलाचे जुने राखणदार हिंदुराव डवरी त्यांना त्या फुगवट्यातल्या गवतावर बसवतात. 'ही चंद्रीची बैठक,' म्हणतात.

पूर्वी हा माळ येसाबाई गवळणीचा होता, असं सांगतात. मैदानं करायचं ठरलं तेव्हा तिनं तो दिला, म्हशी भावाच्या गावी धाडल्या. एकच ठेवून घेतली, चंद्री. ती रोज दावं तोडून माळावर यायची आणि भिंतीसाठी आखलेल्या चुन्याच्या रेघेवर नेमकी बसायची. कुणी हाकललं, शेपूट पिरगाळलं, तरी ढिम्म. संध्याकाळी येसाबाई येऊन 'चंद्रे, ऊठ गं बाय' म्हणाली, की मुकाट उठायची. म्हातारीला घोर एकच होता. आपल्यामागं हिला उठवणार कोण? बसल्या जागी मरायची ती.

आणि येसाबाई अंथरुणाला खिळलीच. चंद्री येऊन बसली ती चाऱ्याला तोंड लावीना. भिंत उठायची होती, पण रेघेच्या दोन्ही अंगांना पोरं खेळू लागली होती. आधी फुटबॉलवाल्यांनी हाका मारल्या, मग बेसबॉलवाल्यांनी. दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यामुळे दुपार एकमेकांची टर उडवण्यातच गेली. शेवटी फुटबॉलचा कप्तान आनंदा शेळके रडकुंडीला आला.

'आरं, सगळी मिळून हाळी देऊया की. तिकडं म्हातारीचा जीव टांगणीला लागलाय.'

साऱ्या माळानं एका सुरात हाक दिली आणि चंद्री उठली म्हणे. ती हाक गवळीवाड्यात खाटेवरच्या येसाबाईला ऐकू गेली. 'उठली माझी बाय,' एवढं बोलून तिनं डोळे मिटले. पुढं भिंत आली ती त्या जागेला वळसा घालून.

इथवर आलं की हिंदुरावांना गलबलून येतं. त्यांनी तो माळ पाहिलाय, तिथल्या गवताचा वास त्यांना अजून आठवतो. ते गवत खाणाऱ्या म्हशींसारखं दूध पुन्हा मिळालं नाही, म्हणतात.

आजही एखादा संघ हरला, की पोरं माना खाली घालून मैदानातच बसून राहतात. काही केल्या उठत नाहीत. मग भिंतीपलीकडून, दुसऱ्या खेळाच्या स्टेडियममधून, हाक येते, 'चंद्रे, ऊठ गं बाय.'

आणि पोरं उठतात.