चुलीवरची घंटा

त्या साली आत्मगिर महाराज घाटाखालच्या आंबेवणी गावात, टेकडीवरच्या देवळालगतच्या मठीत मुक्कामाला होते. दारी येईल त्याला पेज पाजल्याशिवाय महाराज सोडत नसत. ती पेज रांधायची तान्हूबाई. तिचं जुनं तपेलं बुडाशी पार चाळण झालेलं! म्हणून देवळाच्या वर्षाच्या खर्चाचं ठरवायला पंच बसले, तेव्हा ती दाराशी उभी राहून भीतभीत म्हणाली, "यंदा एक मोठं तपेलं घ्याल का? लेकरं उपाशी माघारी जातात हो."

पंचांचे म्होरके दाजीसाहेब खोत फिस्सकन हसले. "तान्हे, देवाच्या पैशात तुझी भांडीकुंडी? घंटा हवी घंटा! पाच गावांत नाद गेला पाहिजे. तपेल्याला कोण हात जोडतं गं?" बाकीचे पंचही हसले. बिचारी तान्हूबाई तोंडाला पदर लावून मागे फिरली.

श्रावणात घंटा आली, चांगली रांजणाएवढी! दाजीसाहेब ती टांगायच्या तयारीला टेकडीवर आले आणि त्याच दिवशी नदी फुगली. खालची अख्खी वाडी मठीत आसऱ्याला आली. गावाकडची वाट पाण्याखाली गेली. पोरं भुकेनं कळवळत होती. तांदूळ होते, पण एवढ्यांचं रांधायला धड भांडं नव्हतं.

महाराज म्हणाले, "तान्हू माय, ती घंटा उलटी कर नि तीन दगडांवर ठेव."

"महाराज!" दाजीसाहेब कडाडले. "देवाची घंटा चुलीवर?"

"अरे, देवालाच भूक लागलीय," महाराज शांतपणे म्हणाले.

पेज रटरटली, द्रोण मांडले. तोच घाटाच्या वाटेनं खोतांचा गडी धापा टाकत आला. "धनी, धाकले धनी धुक्यात चुकले! कड्याच्या अंगाला गेलेत!"

दाजीसाहेबांच्या पायाखालची जमीनच सरकली. एकुलता एक जयवंता! "घंटा द्या! टांगून वाजवतो, पोर नादावर येईल!" असं ओरडत ते चुलीकडे धावले. पण द्रोण धरून बसलेली ती चिमणी तोंडं पाहिली नि हात तिथेच थबकले. पेज ओतून द्यायची तरी कशी? भला दांडगा माणूस ढसाढसा रडू लागला.

तान्हूबाईच्याही डोळ्यांना धार लागली. "देवा, लेकराला वाट दाव रे!" म्हणत तिनं हातातला डाव घंटेच्या काठावर मारला.

मंडळी, काठोकाठ पेजेनं भरलेली, चुलीवर बसलेली घंटा ती! वाजून वाजणार किती? पण काय सांगावं, असा नाद उठला की सारा घाट दुमदुमला! तान्हूबाई एक द्रोण भरायची नि एकदा डाव काठावर मारायची. सगळी पंगत वाढून झाली, तोवर चिखलानं माखलेला जयवंता दारात उभा! "बाबा, घंटा ऐकत ऐकत आलो."

धन्य ती माउली! दाजीसाहेबांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी हसून पाय मागे घेतले आणि तान्हूबाईकडे बोट दाखवलं.

"चुकलो, तान्हूबाई," खोत तिच्यापुढे आडवे होत म्हणाले.

"अगं बाई, उठा की दाजीसाहेब!" ती पुरती गोंधळली. "पोर भिजलंय, त्याच्या पोटात काही घालू द्या आधी." तिनं लगबगीनं द्रोण भरून जयवंताच्या हाती दिला. आंबेवणीचे खोत मात्र जमिनीला कपाळ टेकून तिच्या चुलीपुढे तसेच पडून राहिले.