नळी नसलेलं घरटं

फार पूर्वी, विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. तिथली रीत अशी, की नराने घरटं अर्धं विणायचं, मादीने आत बसून पाहायचं आणि तिला पटलं तरच ते पुरं करायचं.

त्या वर्षी तुषार नावाच्या तरुण नराने कोणत्याच मादीला न दाखवता घरटं पुरं केलं. आत शिरायची, खाली लोंबणारी नळी ठेवलीच नाही. समोर भलंमोठं दार ठेवलं.

"नळीनं आकार बिघडतो," तो म्हणाला.

जिने जन्मात घर बांधलं नव्हतं, अशी एक कोकिळा ते घरटं बराच वेळ वाखाणत राहिली. मग तुषारने म्हाताऱ्या नानांना विचारलं, "कसं दिसतंय?"

ते दार पाहून नानांना धास्ती वाटली. पण आपणच जुने झालो असू, असं वाटून ते म्हणाले, "छान दिसतंय."

दुसऱ्या दिवशी रेवती नावाची मादी घर पाहायला आली. आत बसताच तिला समोरच्या फांदीवरचा कावळा दिसला. कावळ्यालाही ती दिसली.

"नाना, इथे अंडी घालू?"

नानांनी कावळ्याकडे पाहिलं. "नको, पोरी."

"मग काल छान म्हणालात ते?" तुषार चिडला.

"तू दिसण्याचं विचारलंस. न विचारलेलं सांगायला मी घाबरलो."

एवढं बोलून नाना उडाले आणि गवताची एक लांब पात घेऊन आले. तिचं एक टोक त्यांनी दाराच्या कडेला अडकवलं. थोड्या वेळाने तुषारने पातीचं दुसरं टोक धरलं.

रेवती शेजारच्या फांदीवर बसून राहिली, कावळ्यावर नजर ठेवून.