टिवूचा घसा बसला

एक होतं टिटवीचं पिल्लू. एवढंसं! नाव त्याचं टिवू. रंग मातीचा, पाय काडीचे. चालायचं तुरुतुरु तुरुतुरु.

एक दिवस टिवू हरवलं. ऊन नुसतं मी म्हणत होतं. "आई! आई!" हाका मारून मारून घशाला कोरड पडली. घसा दुखला. आणि घसा बसला. आवाजच गेला की हो!

तिकडून आई हाक मारी, "टिटिव टिव! टिवू बाळा, ओ दे!"

टिवू ओ देई, "खर्र... खर्र..."

आईला ऐकू जाईना. मातीत मातीचं पिल्लू, दिसणार तरी कसं? टिवूला फार एकटं एकटं वाटलं.

तुरुतुरु तुरुतुरु. टिवू गेलं मधमाशीकडे. अगदी जवळ जाऊन खरखरत कुजबुजलं,

"माशीताई, माशीताई, घसा माझा बसला!"

"बसला? मग उठव की!"

"उठतच नाही. थेंबभर मध दे ना!"

"मध कुठला? आधी तुळस फुलू दे. जा!"

तुरुतुरु तुरुतुरु. टिवू गेलं तुळशीकडे.

"तुळसबाई, तुळसबाई, माशी मध देईना, घसा काही उठेना! तू फूल ना!"

"वाळून चालले रे मी! आधी हापशाचं पाणी मिळू दे. जा!"

"टिटिव टिव! ओ दे!" आईची हाक लांब गेली.

तुरुतुरु तुरुतुरु. टिवू गेलं हापशाकडे.

"हापसेदादा, हापसेदादा, तुळस काही फुलेना, माशी मध देईना, घसा काही उठेना! पाणी दे ना!"

"माझा दांडा कोण मारणार? त्या सगुणा पोरीला सांग. जा!"

सगुणा दगडावर बसली होती. एकटीच.

"सगुणाताई, सगुणाताई, हापसा पाणी देईना, तुळस काही फुलेना, माशी मध देईना, घसा काही उठेना! दांडा मार ना!"

"नाही जा! सगळे खेळायला गेले. मला नाही नेलं. माझ्याजवळ कुणी बसतं का?"

टिवू म्हणालं, "मला मोठ्यानं बोलता येत नाही गं. पण बसता येतं."

आणि टिवू बसलं. अगदी चिकटून. कितीतरी वेळ.

मग सगुणा उठली! दांडा खटक-खुटक, पाणी भळाभळा. टिवू घोटभर प्यायलं, कोरड गेली. ओंजळभर पाणी तुळशीला, तुळस फुलली. माशी आली गुंगुं, मध दिला थेंबभर. टिवूनं चाटला. गोड गोड! आणि घसा... उठला!

लांबून, अगदी लांबून, बारीक हाक आली. "टिटिव टिव! ओ दे!"

"ओ! टिव टिव टिव! ओ!"

फडफड फडफड! आई आली. टिवूला पंखाखाली घेतलं.

सगुणा दगडावर जाऊन बसली. परत एकटीच.

टिवूनं पंखातून डोकं काढलं. "आई, आपण तिथं बसू या ना!"

मग दगडावर आई बसली, टिवू बसलं, मध्ये सगुणा बसली.

घसा उठला, आणि गोष्ट बसली.