वास नसलेली भिंत

माळावरच्या एका वारुळात फार जुन्या काळी एक रीत होती. मातीचा गोळा बसवला की वाळवीने त्याला आपला वास लावायचा. मग कुठला गोळा कोणी आणि कधी बसवला, ते हुंगून कळे. चिकणी नावाच्या वाळवीला मात्र याचा भारी कंटाळा. "भिंत बांधायची की वास लावत बसायचं?" म्हणत ती भराभर पुढे जाई.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी वारुळातली हवा थांबली. अंडी तापू लागली. सगळ्या वाळव्या हवेच्या बोगद्याकडे धावल्या, तर तो पार बुजलेला. धूळ येते म्हणून चिकणीने एका बाजूने अर्धा बुजवला होता आणि म्हाताऱ्या गेरूने दुसऱ्या बाजूने. चिकणीचा वास आला असता, तर बोगदा आधीच अर्धा बुजवलाय हे कळून गेरूने हात लावला नसता.

"चिकणे, तुझे गोळे काढ," गेरू म्हणाली.

चिकणी भिंत हुंगू लागली. वास उडून गेलेले जुने गोळेही तिथेच होते आणि छत त्यांच्यावरच तोललेलं होतं. चुकीचा गोळा ओढला, तर छत अंड्यांवर कोसळणार.

"मावशी, माझे कुठले ते मलाच कळत नाही."

गेरूने आपली बाजू हुंगली आणि शेवटी बसवलेला गोळा आधी, असे एकेक करत सगळे उपसले. हवा आत आली.

"तुझं तर काहीच चुकलं नव्हतं," चिकणी पुटपुटली.

"नव्हतं," गेरू म्हणाली. "पण काढता येण्यासारखं तेवढंच होतं."