गावभर मोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की आपल्या पणजीनंसुद्धा ती तिच्या पणजीकडूनच ऐकली असेल.

एका राज्याच्या राजाला चित्रांचा भारी नाद होता. दरवर्षी सुगी संपली की गावोगावच्या पाठशाळेतल्या मोठ्या मुलांची चित्रांची चढाओढ लागायची. कागदावर नाही बरं का! ज्यानं त्यानं आपल्या घराच्या पुढच्या भिंतीवर चित्र काढायचं. भिंत शेणमातीनं सारवायची, खडखडीत वाळू द्यायची आणि मग गेरू, चुना, काजळी घेऊन बसायचं.

मग राजाची पारखीण यायची आणि दारोदार फिरून चित्रं बघायची. जे चित्र मनाला येईल, त्याच्या शेजारी ती गेरूत हात बुडवून आपला पंजा उठवायची. ज्याच्या भिंतीवर लाल पंजा, ते मूल राजाच्या चित्रशाळेत शिकायला जायचं. सोळावं लागलं की मात्र चढाओढीत बसता यायचं नाही.

त्या राज्यातल्या एका गावात एक आई आणि तिची लेक राहत होत्या. लेकीचं पंधरावं सरत आलं होतं. म्हणजे हे तिचं शेवटचं वर्ष. लेक आपली शांत होती, काळजी सगळी आईच्या वाट्याला आली होती. चूल पेटवताना काळजी, दळताना काळजी, जेवताना घास हातातच राहायचा. "हिला पंजा नाही मिळाला तर? माझ्यासारखीच राहील का ही, उंबऱ्याच्या आत?"

लेकीनं भिंतीवर घरची म्हैस काढली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव चांदी. चांदी तळ्यात बसलीय, अंग सगळं पाण्यात, वर फक्त तोंड आणि शिंगं, डोळे अर्धे मिटलेले. बघणाऱ्यालाही डुलकी यावी असं चित्र उतरलं होतं.

शेजारीण पाण्याला जाता जाता थांबली.

"अगं बाई, म्हैस? राजा काय भिंतीचं दूध काढणार आहे का?"

आई कसंनुसं हसली.

"गेल्या साली ज्याला पंजा मिळाला ना, त्यानं मोर काढला होता, मोर!" शेजारीण म्हणाली. "आमचा पोरगा मोरच काढतोय. वाण्याचाही मोर, पाटलांचाही मोर. तुझं तू बघ बाई, आपण काय, सांगायचं काम केलं."

शेजारीण गेली. आई भिंतीकडे बघत राहिली. सकाळी जी चांदी तिला गोड दिसली होती, ती आता नुसती काळी आणि बोजड दिसायला लागली. लेक पाठशाळेत होती. आईनं घमेल्यात शेणमाती कालवली आणि भराभर सारी भिंत सारवून टाकली.

लेक घरी आली. ओल्या भिंतीपुढे थबकली.

"आई, चांदी कुठं गेली गं?"

"हे बघ, रागावू नकोस. तुझ्या भल्यासाठीच केलंय. भिंत वाळली की मोर काढ छानसा."

"पण मी मोर बघितलाच नाही कधी."

"मग वाण्याच्या भिंतीवरचा बघून ये की. त्यात काय मोठंसं!"

लेकीनं पाटी कोनाड्यात ठेवली आणि गोठ्यात जाऊन चांदीच्या मानेवर हात फिरवत बसली. आईला ते दिसलं, पण तिनं तोंड फिरवलं. मनाशी म्हणाली, "आज रुसेल, उद्या माझे उपकार मानेल."

बघता बघता गावभर मोर झाले. खरं तर त्या गावात मोर कधी आलाच नव्हता. सपाट माळ, झाड औषधाला नाही, मोर येणार कुठून? कुणाच्या मोराला कोंबडीचे पाय, कुणाचा पिसारा सुपाएवढा. पाटलांच्या भिंतीवर तर दोन मोर होते, एक कमी पडला तर दुसरा असावा म्हणून. लेकीनंही मोर काढला. पण तो असा डोळे मिटून ऐसपैस बसला होता, की शेजारीण पदराआड हसली. "हा कसला मोर? ही तर पिसं लावलेली चांदी!"

पारखीण आली. म्हातारी होती, नखांत रंग मुरलेला, नजर मात्र धारदार. प्रत्येक दारात ती एकच विचारायची.

"बाळा, हा मोर तू कुठं पाहिलास?"

"पाटलांच्या भिंतीवर," वाण्याचा मुलगा म्हणाला.

"वाण्याच्या भिंतीवर," पाटलांचा मुलगा म्हणाला.

शेजारणीच्या मुलानं तर दोन्हीकडे बोट दाखवलं. पारखीण मान हलवायची आणि पुढं चालायची. तिच्या वाडग्यातला गेरू तसाच राहिला होता.

शेवटी ती या मायलेकींच्या दारात आली. सगळा गाव मागं.

"पोरी, हा मोर कुठं पाहिलास?"

लेकीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

लहान असताना ती अशीच बघायची. पडली की आधी आईकडे बघायची आणि रडायचं की नाही हे आईच्या तोंडावरून ठरवायची. आता पंधरा वर्षांची घोडी झाली, तरी आपण काय पाहिलं हे आईला विचारतेय! आईनं भिंतीवरच्या मोराकडे पाहिलं. खरं बोललं तर पंजा जाणार. आणि गप्प बसलं तर लेकीचे डोळेच जाणार.

"बाई, तिनं मोर पाहिला नाही," आई म्हणाली. "मीही नाही पाहिला. तिनं आमची म्हैस काढली होती, जिवंत वाटावी अशी. मला धीर धरवला नाही. मी ती सारवून टाकली."

"झालं! हातचं घालवलं," शेजारीण पुटपुटली.

पारखीण ओट्यावर टेकली. "गेल्या सालचा तो मुलगा डोंगरातल्या वाडीत राहायचा. मोर त्याच्या ओट्यावर दाणे टिपायचे. मला मोर आवडला होता होय? मला त्याचं बघणं आवडलं होतं." मग तिनं मावळतीकडे नजर टाकली. "पण मला अंधाराच्या आत पुढचं गाव गाठायचंय. आता काय करता?"

सकाळी ओटा सारवून उरलेली शेणमाती घमेल्यात होती. आईनं ती ओंजळींनी उचलली आणि मोरावर लिंपली.

"अगं, ओल्या भिंतीवर रंग धरत नाही!" शेजारीण ओरडली.

"मला नाही माहीत," आई म्हणाली. "पोरी, तुझं तू बघ. मी आता बोलायची नाही." आणि ती स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसली.

लेक क्षणभर भिंतीपुढे उभी राहिली. मग तिनं कुंचला बाजूला ठेवला आणि ओल्या मातीत बोट घातलं. एका बोटानं शिंगं ओढली. तळहातानं तोंड घडवलं. चार बोटांनी पाण्याच्या लाटा काढल्या. रंग नाही, काही नाही, पण चांदी तळ्यात येऊन बसली. गर्दी बघायला पुढं सरकली.

पारखीण उठली. तिनं हात गेरूत बुडवला नाही. कोराच पंजा म्हशीच्या शेजारी ओल्या मातीत दाबला.

"पण पंजा लाल कुठं आहे?" कुणीतरी विचारलं.

"नसू दे. खोल गेलाय," पारखीण म्हणाली. मग ती बाकीच्या मुलांकडे वळली. ती बिचारी खाली मान घालून उभी होती. "तुमचा काही दोष नाही रे. तुम्ही रोज काय बघता, ते मला पुढच्या साली दाखवा."

लेक चित्रशाळेत गेली. तिथं ती नीट जेवते का, याची काळजी आई अजून करते. आईच ती.

पुढच्या साली त्या गावात एकही मोर नव्हता. वाण्याच्या मुलानं तराजूच्या पारड्यात झोपलेलं मांजर काढलं. शेजारणीच्या मुलानं कमरेवर हात ठेवून विहिरीवर भांडणारी आपली आई काढली. शेजारीण आधी चांगलीच भडकली. पण त्या भिंतीवर लाल पंजा उठला, तेव्हा ती दिवसभर कमरेवर हात ठेवून त्याच चित्राशेजारी उभी राहिली.

बोध: मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच त्यांच्या हातून जिवंत उतरतं, आपल्या भीतीनं ते पुसू नये.