नऊ हजारांनी जिंकलेली कुस्ती

“...पण येणार का नाही, तेवढं सांगा, वस्ताद!”

आमदार सर्जेराव घाटे तिसऱ्यांदा विचारत होता. कादर वस्ताद खोऱ्यानं आखाड्यातली माती उकरत होते. वय ऐंशीच्या घरात, पण हे काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

सर्जेराव काठावर उभा होता. चपला बाहेर काढून आला होता. तेवढी शिस्त अजून उरली होती.

वीस वर्षं तालुका मुठीत ठेवलेल्या मंत्र्याला त्यानं अपक्ष उभं राहून पाडलं, ते या तालमीच्या जिवावर. दारोदार फिरले ते इथले पैलवान. मंत्र्याच्या माणसांनी हात मोडला तो बंडू शिकलगारचा, तोही इथलाच.

राज्यात मात्र सरकार बसवायला मंत्र्याच्या पक्षाला तीन आमदार कमी पडत होते. निकालाच्या सहाव्या दिवशी सर्जेरावानं पाठिंब्याचं पत्र दिलं. पडलेल्या मंत्र्यानंच त्याला हार घातला. दोघंही हसत होते. फोटो सगळ्या पेपरांत आला.

आज संध्याकाळी चौकात सत्कार होता. मांडव पडला होता, पण पेठेतलं एकही माणूस यायला तयार नव्हतं. वस्ताद शेजारी बसले, तरच पेठ येणार होती.

“बंडूचा हात कसा हाय?” वस्तादांनी विचारलं.

“...जायला जमलं नाही अजून. गडबड चाललीय.”

“व्हय. पेपरात बघितली.”

सर्जेरावानं तो टोला गिळला.

“विरोधात बसून रस्ते होतात का, वस्ताद? कामासाठीच गेलो. तालमीला मॅट आणतो. पत्रा काढून स्लॅब टाकून देतो.”

“पत्रा गळतोय खरा.”

“मग?”

वस्ताद माती उकरत राहिले...

“लोक काय वाट्टेल ते बोलतात!” सर्जेरावाचा आवाज चढला. “निकाल तर खोटा नाही ना? पाडलाय त्याला. नऊ हजारांनी जिंकलोय मी!”

“जिंकलास की. मीच गुलाल लावला तुला.”

“मग मी तोंड लपवून का फिरायचं?”

“कुणी सांगितलं लपव म्हणून?” वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं. “हिकडं ये. पाठ कर.”

सर्जेराव मुकाट्यानं वळला. अंगवळणीच पडलं होतं ते. चौदाव्या वर्षापासून कुस्ती सुटली की आधी वस्तादांना पाठ दाखवायची. माती लागलेली दिसली, की हरला. मग कुणी कितीही हुज्जत घालो, वस्ताद ऐकायचे नाहीत.

आज पाठीवर परीटघडीचा पांढरा सदरा होता.

वस्तादांनी बादलीत हात धुतले. पंच्यानं एकेक बोट पुसलं. मग त्या स्वच्छ हातानं ते आमदाराची पाठ झटकू लागले. एकदा... दोनदा... पुन्हा...

सर्जेरावानं मान वळवून पाहिलं. सदऱ्यावर डाग नव्हता.

“वस्ताद... काही नाही तिथं.”

हात थांबला नाही.

“वस्ताद, बास की! कुठं काय लागलंय?”

“उभा ऱ्हा गप,” वस्ताद म्हणाले. “निघंना झालीय.”